सिप्रो की लिव्हो : चिठ्ठी लिहिण्याआधी काय काय पाहायचं

आजी ७२ वर्षांच्या, वजन ४५ किलो. चार दिवस थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणं, लघवीला जळजळ. दुसरीकडून घेतलेल्या सेफिक्झिमच्या गोळ्या तीन दिवस झाल्या तरी ताप हटत नव्हता. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून त्यावर कुठली औषधं चालतात ते पाहणारी तपासणी) हातात होतं: ई. कोलाय हा जिवाणू, सेफॅलोस्पोरिन या सेफिक्झिमच्याच गटातली सगळी औषधं निकामी, को-ट्रायमॉक्साझोलही निकामी; सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) आणि लिव्होफ्लॉक्सासिन (लिव्हो) ही दोन्ही अँटिबायोटिक्स चालणारी. माझ्यासोबत बसलेल्या इंटर्नने लगेच लिहिलं: सिप्रो ५००, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस.

मी आजींच्या सुनेला म्हटलं, "घरून औषधांची पिशवी आणलीय ना? ओता टेबलावर."

त्या पिशवीतून काय निघालं ते पुढे येईलच. सिप्रो की लिव्हो हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, आणि तो बहुतेक वेळा "जास्त स्ट्राँग कुठलं?" असा विचारला जातो. दोन्ही एकाच घराण्यातली असली तरी त्यांच्यातला फरक ताकदीचा कमी आणि जागेचा, किडनीचा व सोबतच्या औषधांचा जास्त आहे. म्हणून मी ज्या क्रमाने विचार करते तो क्रमच इथे लिहिते आहे. हे तरुण डॉक्टरांसाठी आणि फार्मासिस्टसाठी आहे. पेशंट वाचत असतील तर त्यांनी यावरून गोळी बदलू नये, पण डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारावेत.

आधी थोडी ओळख

क्लोरोक्विन बनवताना तयार झालेल्या एका उपपदार्थावरून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक ॲसिड हाती लागलं. ते फक्त लघवीच्या संसर्गापुरतं होतं. त्याच्या रचनेत फ्लोरिनचा अणू बसवल्यावर ताकद कित्येक पटींनी वाढली आणि फ्लोरोक्विनोलोन (बोलताना नुसतं क्विनोलोन) जन्माला आली. सिप्रोला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली, लिव्होला १९९६ मध्ये. याच घराण्यातल्या ऑफ्लॉक्सासिनमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत असे दोन प्रकारचे रेणू असतात. त्यातला खरं काम करणारा तेवढा वेगळा काढला की लिव्हो.

जिवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणारी दोन एन्झाइम्स असतात, डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज चार. दोन्ही औषधं त्यांनाच अडवतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंमध्ये मुख्य निशाणा गायरेजवर असतो, न्यूमोकोकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये बहुधा दुसऱ्यावर. निशाणा एकच असल्यामुळे एकाला दाद न देणारा जंतू दुसऱ्यालाही सहसा दाद देत नाही. "सिप्रोने फरक पडला नाही, आता लिव्हो देऊन बघू" यात पेशंटचे तीन दिवस फुकट जातात.

पहिली पायरी : क्विनोलोन लागतं आहे का?

निम्म्या वेळा उत्तर "नाही" असं येतं आणि काम तिथेच संपतं.

साधा सायनस, धूम्रपान करणाऱ्याचा वाढलेला खोकला, तरुण बाईची ताप नसलेली साधी लघवीची जळजळ: यांसाठी दुसरा पर्याय असताना ही औषधं वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्येच सांगितलं. युरोपने २०१८ मध्ये बंधनं घातली. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये आणखी पुढे जाऊन, बाकीची शिफारस केलेली अँटिबायोटिक्स चालत नसतील तरच ही द्या, असा नियम केला. साध्या जळजळीला नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन आहे. आपल्याकडच्या ई. कोलायमध्ये क्विनोलोनला प्रतिकार इतका पसरला आहे की कल्चरशिवाय अंदाजाने सिप्रो देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

टायफॉइडचंही तेच. नव्वदच्या दशकात शिकलेल्या डॉक्टरांच्या हातात टायफॉइड म्हणताच सिप्रो यायची, आणि तेव्हा ती झकास चालायची. आता भारतातले बहुतांश टायफॉइडचे जंतू तिला पुरेशी दाद देत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोनकडे वळा. जुलाबाला सिप्रो आणि टिनिडाझोलची जोडगोळी मेडिकलमधून सर्रास नेली जाते, तीही थांबायला हवी. पाण्यासारख्या जुलाबाला ओआरएस आणि लहान मुलांना सोबत झिंक लागतं, अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागतच नाही.

आजींचं प्रकरण वेगळं होतं. संसर्ग किडनीपर्यंत पोचला होता. नायट्रोफ्युरँटॉइन आणि तोंडाने घ्यायचं फॉस्फोमायसिन मूत्राशयात काम करतात, किडनीच्या मांसात पुरेशी पोचत नाहीत. क्विनोलोन नाही म्हटलं तर ॲडमिट करून रोजची इंजेक्शनं. अशा ठिकाणी ही औषधं हक्काने वापरावीत. जपून ठेवायची ती अशाच पेशंटसाठी.

दुसरी पायरी : संसर्ग कुठे आणि जंतू कुठला

लघवी, किडनी, प्रोस्टेट इथे दोन्ही जवळपास सारखी. किडनीच्या संसर्गाला सिप्रो ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, किंवा लिव्हो ७५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा पाच दिवस. प्रोस्टेटच्या जुनाट संसर्गाला दोन्हीपैकी कुठलंही, पण साधारण चार आठवडे. हे आधीच सांगितलं नाही तर पेशंट दहाव्या दिवशी बरं वाटतं म्हणून बंद करतो आणि महिन्याने परत येतो.

स्यूडोमोनास हा हट्टी जिवाणू म्हणजे सिप्रोचा प्रांत. मधुमेही माणसाच्या कानातला खोलवर गेलेला संसर्ग, ब्राँकिएक्टॅसिसमधला (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या आजारातला) स्यूडोमोनास, अशा वेळी तोंडाने देता येईल असं औषध जवळपास या दोनच औषधांत सापडतं, आणि मी आधी सिप्रोकडे हात नेते. मात्र डोस पूर्ण हवा, ७५० मिलिग्रॅम दोनदा. शिरेतून देताना ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. ५०० वर भागवलं तर जंतू मरत नाही, शहाणा होतो.

छातीच्या बाबतीत बाजू उलटते. न्यूमोनियाचा सर्वांत नेहमीचा जिवाणू न्यूमोकोकस, आणि त्याच्यावर सिप्रो लेचीपेची आहे. हॉस्पिटलबाहेर, घरी-दारी झालेल्या न्यूमोनियात एकटी सिप्रो देऊ नये. लिव्हो न्यूमोकोकस, लिजिओनेला, मायकोप्लाझ्मा सगळ्यांना पुरते.

आणि इथेच थोडं थांबायचं आहे, कारण आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक इथे होते.

लिव्हो क्षयाच्या जंतूलाही मारते, इतकी चांगली मारते की औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात जागतिक आरोग्य संघटनेने तिला पहिल्या गटात ठेवलं आहे. आता समजा तीन आठवडे खोकला, संध्याकाळची कणकण आणि उतरलेलं वजन घेऊन कुणी आलं आणि आपण "छातीत इन्फेक्शन आहे" म्हणून सात दिवस लिव्हो दिली. टीबी असेल तर त्याला बरं वाटतं. ताप उतरतो, भूक लागते. बेडका तपासला तरी जंतू दिसेनासे होतात. पेशंट खूश, आपणही खूश. तीन आठवड्यांनी सगळं परत येतं, आणि मधल्या काळात एकट्या औषधाच्या माऱ्यातून वाचलेले जंतू लिव्होला ओळखू लागलेले असतात. ज्या औषधावर पुढे त्याची शेवटची भिस्त असणार होती, तेच आपण एका आठवड्याच्या अंदाजात खर्चून टाकतो. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले. त्या निकामी औषधांच्या यादीत क्विनोलोनही होती.

म्हणून माझा नियम साधा आहे: दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर आधी बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीला, छातीचा एक्स-रे, आणि मगच काय ते औषध. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. मधल्या दिवसांत अँटिबायोटिक द्यावंच लागलं तर ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन आहेतच. इंटर्नना मी सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

तिसरी पायरी : कल्चर रिपोर्टवरचे आकडे

आजींच्या रिपोर्टवर सिप्रोसमोर "०.०६ किंवा कमी" आणि लिव्होसमोर "०.१२ किंवा कमी" असं छापलेलं होतं. इंटर्न म्हणाला, "मॅडम, सिप्रोचा एमआयसी निम्मा आहे, म्हणजे ती दुप्पट चांगली." ही गफलत फार जणांची होते. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा, आणि ती त्या-त्या औषधाच्या पट्टीवरच वाचायची असते. अमेरिकेच्या प्रमाणकांनुसार ई. कोलायसाठी सिप्रोची "चालेल" ही रेषा ०.२५ वर आहे, लिव्होची ०.५ वर. स्यूडोमोनाससाठी अनुक्रमे ०.५ आणि १. पट्ट्या वेगळ्या असण्याचं एक कारण रक्तातल्या पातळीत आहे. ५०० मिलिग्रॅम सिप्रो घेतल्यावर रक्तात एका मिलिलीटरमागे सुमारे अडीच मायक्रोग्रॅमपर्यंत पातळी जाते, तेवढ्याच लिव्होने साडेपाचच्या आसपास. कमी एमआयसीचा फायदा तिथे बराचसा फिटतो.

साल्मोनेलाची, म्हणजे टायफॉइडच्या जंतूची, रेषा याहून कडक आहे, सिप्रोसाठी ०.०६. त्यामुळे टायफॉइडच्या रक्ताच्या कल्चरवर नुसतं "सेन्सिटिव्ह" वाचून भागत नाही. आकडा मागा, नाहीतर लॅबने पेफ्लॉक्सासिनची चकती (लपलेला क्विनोलोन-प्रतिकार उघड करणारी चाचणी) लावली होती का ते विचारा.

चौथी पायरी : किडनीचं गणित

आजींचं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनी बाहेर टाकते तो पदार्थ) १.४ होतं. कागदावर ते किंचित वाढलेलं दिसतं आणि नजर पुढे सरकते. पण गणित करा. १४० वजा वय म्हणजे ६८. गुणिले वजन ४५, झाले ३०६०. त्याला ७२ गुणिले १.४ म्हणजे १००.८ ने भागलं की ३० च्या जरा वर. बाई आहे म्हणून गुणिले ०.८५. उत्तर सुमारे २६. म्हणजे आजींची किडनी मिनिटाला २६ मिलिलीटर एवढंच काम करते आहे. या आकड्यालाच क्लिअरन्स म्हणतात. बारीक अंगाच्या, वयस्कर बायकांमध्ये हे हमखास घडतं. स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी दिसतं आणि आपण फसतो.

इथे दोन्ही औषधांचे रस्ते वेगळे होतात. लिव्हो जवळपास सगळीच्या सगळी, सुमारे ८७ टक्के, जशीच्या तशी लघवीतून जाते. किडनी मंदावली की ती साचते. सिप्रोचा निम्म्याच्या आसपास भाग लघवीतून जातो, बाकीचा यकृत आणि आतड्यांतून. त्यामुळे तिला थोडी सवड मिळते.

लिव्हो ७५० चा कोर्स असेल आणि क्लिअरन्स २० ते ४९ असेल तर डोस तोच, पण एक दिवसाआड. १० ते १९ असेल तर पहिल्यांदा ७५०, मग ५०० एक दिवसाआड. ५०० चा कोर्स असेल तर २० ते ४९ मध्ये पहिली गोळी ५०० आणि पुढे रोज २५०. पहिली गोळी पूर्णच द्यायची, हे लक्षात असू द्या. कात्री दुसऱ्या गोळीपासून लागते. सिप्रो ३० ते ५० मध्ये २५० ते ५०० दर बारा तासांनी, ३० च्या खाली दर अठरा तासांनी असं पुस्तकात आहे. अठरा तासांचं घड्याळ घरात कुणी पाळू शकत नाही, म्हणून बरेच जण चोवीस तासांवर आणतात.

किडनी ठीक असेल तर लिव्होची सोय मोठी आहे. अर्धायुष्य सहा ते आठ तास, त्यामुळे दिवसातून एकदा पुरते. सिप्रोचं चारच्या आसपास, म्हणून दोनदा. लिव्हो पोटातून जवळजवळ पूर्ण शोषली जाते. सलाईनमधून ७५० चालू असेल तर पेशंट जेवू लागला की तीच ७५० ची गोळी द्या, हिशेब बदलत नाही. सिप्रो सुमारे सत्तर टक्के शोषली जाते, म्हणून शिरेतली ४०० म्हणजे तोंडाने ५०० असं धरायचं.

पाचवी पायरी : पिशवी

आता आजींच्या पिशवीकडे. टेबलावर निघालं ते असं: मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडची पट्टी, कॅल्शियमच्या मोठ्या गोळ्या, गॅससाठी पातळ अँटासिडची बाटली, आणि खाली दुमडलेली एक पट्टी, कंबरदुखीसाठी रात्री घ्यायची टिझानिडिन. ती त्या दोन महिने घेत होत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "शुगरची तेवढी गोळी चालू आहे" एवढंच सांगितलं होतं. कंबरेची गोळी त्यांच्या लेखी औषधात धरतच नव्हती.

सिप्रो यकृतातलं सीवायपी १ए२ हे एन्झाइम अडवते. टिझानिडिन त्याच वाटेने शरीराबाहेर जाते. दोन्ही एकत्र दिली तर टिझानिडिनचा एकूण साठा रक्तात सुमारे दहापट होऊ शकतो. बीपी कोसळतं, माणूस गुंगीत जातो. ही जोडी वर्ज्य आहे, "जपून द्या" या सदरात मोडत नाही. ७२ वर्षांची बाई रात्री लघवीला उठली आणि न्हाणीघरात पडली, तर दोष वयाला दिला जातो.

त्याच वाटेवरची दुसरी गोळी म्हणजे दम्याच्या आणि सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटची थिओफायलिन. इटोफायलिनबरोबरची तिची जोडगोळी खेड्यापाड्यांत अजून घरोघरी आहे. सिप्रोने तिची पातळी वाढते: धडधड, उलट्या, झटकेसुद्धा. मानसिक आजारावरच्या क्लोझापिनचंही तसंच. चहा-कॉफीतलं कॅफिनही याच रस्त्याचं. दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस सिप्रोवर "झोपच येत नाही" म्हणाला तर नवल नाही. लिव्हो या एन्झाइमला जवळजवळ हात लावत नाही. हा तिचा सर्वांत मोठा फायदा आहे, असं मला वाटतं.

पण बाकीच्या गोष्टींत दोघींवर नजर हवी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडवर असलेल्या वयस्कर माणसाची साखर दोन्हीने धोकादायक खाली जाऊ शकते. याच घराण्यातल्या गॅटिफ्लॉक्सासिनच्या गोळ्या-इंजेक्शनांवर भारतात २०११ मध्ये बंदी आली, कारण ती साखर वर-खाली करायची. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) लवकर तपासा. हृदयाच्या ठोक्यांतला क्यूटी काळ (ईसीजीवर मोजतात तो; फार लांबला तर ठोके बिघडतात) दोन्ही लांबवतात, सिप्रो जरा कमी. ॲझिथ्रोमायसिन, ऑन्डानसेट्रॉन, डॉम्पेरिडोन हे सोबत नेमके त्याच पेशंटला लिहिले जातात, म्हणून आधी ईसीजी आणि पोटॅशियम बघा. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार असेल, महाधमनीला फुगा असेल, किंवा पूर्वी क्विनोलोनने टाचेची शीर दुखावली असेल तर दोन्ही नकोत. फिट्सचा आजार असेल तर दुसरं काहीच चालत नसेल तेव्हाच विचार करा. गरोदरपणात टाळायची, लहान मुलांना खास कारणाशिवाय नाही.

कॅल्शियम, लोह, झिंक, पातळ अँटासिड, सुक्राल्फेट यांच्याबरोबर घेतली तर गोळी पोटातच बांधली जाते आणि तशीच बाहेर पडते. लिव्हो यांच्या दोन तास आधी किंवा दोन तास नंतर. सिप्रो दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. सिप्रो नुसत्या दुधाबरोबर किंवा ताकाबरोबर घेऊ नये. पूर्ण जेवणात थोडं दही असलं तर चालतं.

सहावी पायरी : पेशंटच्या हातात गोळी देताना

इथे दोन मिनिटं काढाच. टाचेच्या मागची जाड शीर दुखली, सुजली, तर त्याच दिवशी गोळी बंद करून फोन करायचा. साठीपुढचे आणि स्टेरॉइड घेणारे यात पुढे असतात. अमेरिकेने याबद्दलचा ठळक इशारा २००८ मध्येच औषधाच्या माहितीपत्रकावर आणला. हातापायांत मुंग्या, आग, बधिरपणा आला तरी तसंच, कारण ही इजा कधीकधी कायमची राहते. अचानक गोंधळल्यासारखं होणं, घाम सुटून हातपाय थरथरणं म्हणजे साखर तपासा. उन्हात त्वचा लवकर भाजते, शेतात जाणाऱ्यांना डोक्यावर-हातावर कपडा घ्यायला सांगा. पाणी भरपूर.

फार्मासिस्टसाठी एक गोष्ट. लिव्हो ही शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कायद्यातल्या जास्त कडक विक्री-नियमांच्या यादीत, आहे. विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद, पेशंट आणि डॉक्टरांच्या नावासह, आणि ती तीन वर्षं जपायची. सिप्रो एच-१ मध्ये नसली तरी शेड्यूल एच मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय तीही द्यायची नाही. काउंटरवर "मागच्या वेळी हीच दिली होती" म्हणणाऱ्याला नाही म्हणायला धीर लागतो, आणि तो धीर दाखवणाऱ्या फार्मासिस्टबद्दल मला मनापासून आदर आहे.

आजींची चिठ्ठी

टिझानिडिनमुळे सिप्रो बाद. टिझानिडिन बंद करून सिप्रो देता आली असती, पण बंद केलेली गोळी घरात रात्री परत घेतली जाणार नाही याची खात्री मला नव्हती. ईसीजी ठीक होता, पोटॅशियम ठीक होतं. लिव्हो ठरली.

इंटर्नने पहिल्या सवयीने ७५० रोज एक, पाच दिवस असं लिहिलं, मग स्वतःच २६ चा आकडा बघून खोडलं. शेवटी चिठ्ठीवर तीनच गोळ्या होत्या. पट्टीच्या मागे पेनाने वार लिहून दिले: सोम, बुध, शुक्र, सकाळी नाश्त्यानंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, पातळ अँटासिड हवंच असेल तर रात्री. ग्लिमेपिराइड निम्मी, आणि ग्लुकोमीटरवर सकाळ-संध्याकाळ साखर. सुनेने विचारलं, "एवढ्या तापाला तीनच गोळ्या?" मी तिला क्लिअरन्सचं गणित कागदावर करून दाखवलं. तो कागद तिने घडी घालून चिठ्ठीसोबत पिशवीत ठेवला.

बुधवारी तिचा फोन आला, ताप सकाळपासून नव्हता. साखर १०४ होती. आजींना भाकरी खावीशी वाटत होती.